बिगर चेनचे बूट

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं नरहररावांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. अंबडच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म काढलेला माणूस! खोटा साक्षीदार त्यांनी नुसत्या चालण्यावरून ओळखला, तिथं बुटाची काय कथा? "असे बूट घेतो गंधाली, की घोड्यानं मान वळवून बघितलं पाहिजे," असं त्यांनी नातीला फोनवर सांगूनही टाकलं.

गंधाली पुण्याची. निखिलनं, म्हणजे नरहररावांच्या मुलानं, तिला घोडेस्वारीच्या क्लासला घातलं होतं. "आबा, दिवाळीत मी अंबडला येणार. आपण दोघांनी घोड्यावर बसायचं," हे तिचंच. "पण बूट पाहिजेत हं. बुटांशिवाय आमचे सर बसूच देत नाहीत." आबा लगेच हो म्हणाले. तरुणपणी वाटूरला मामाकडं आपण घोडा उधळवला होता, हेही सांगून मोकळे झाले. घोडा उधळला होता हे खरंच. आबा त्या वेळी खाली बाभळीत पडले होते, तेवढा भाग सांगायचा राहून गेला.

नरहररावांच्या पत्नी शैलाताई गेल्या तेव्हापासून निखिल दिवाळीला अंबडला आलेला नव्हता. कधी ऑफिस आडवं यायचं, कधी सहल. नरहरराव एकटेच फराळाचा पुडा आणून एकटेच संपवायचे आणि चकल्या मऊ पडल्या म्हणून भिंतीशी भांडायचे. आता पोरगी आपल्या तोंडानं येते म्हणाली, तर बुटापायी अडायला नको होतं. घोडीचंही त्यांनी बघून ठेवलं. वडीगोद्रीचे काकासाहेब मेंढपाळ. जमिनीच्या तारखांना कोर्टात यायचे, तेव्हा नरहरराव त्यांना बसायला खुर्ची द्यायचे, एवढीच ओळख. मेंढ्या आता त्यांची मुलं रानोमाळ नेतात. बिऱ्हाड वाहणारी घोडी म्हातारी झाली, म्हणून ती काकासाहेब आणि त्यांची बायको बायनाबाई यांच्याबरोबर घरीच असते.

बूट घ्यायला नरहरराव थेट संभाजीनगरला गेले. दुकानदारानं दोन जोड समोर ठेवले. दोन्ही काळे, दोन्ही गुडघ्यापर्यंत.

"हा चेनवाला," तो म्हणाला. "मागची चेन खाली ओढली की पाय बाहेर. आणि हा बिगर चेनचा. असली माल. पोटरीला बराबर बसतो, पण काढायला दुसरा माणूस लागतो."

त्यानं करूनही दाखवलं. नरहररावांच्या पायात बूट चढवला, त्यांच्याकडं पाठ केली, बूट मांड्यांमध्ये धरला आणि म्हणाला, "आता दुसरा पाय माझ्या बैठकीला लावा आणि ढकला." नरहररावांनी लाजत ढकललं. बूट निघाला.

"साहेब, घरी कोण कोण असतं?"

चपलांच्या दुकानात हा प्रश्न येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. एक बाई तर हातातली सँडल तशीच धरून उत्तराची वाट बघत होती.

"घर भरलेलं आहे," नरहरराव म्हणाले. "मुलगा आहे, सून आहे, नात आहे." सगळे होतेच. पुण्यात होते.

"मग बिलकुल बिगर चेनचाच घ्या. चेनवाला आपला एकट्यादुकट्याला."

झालं! आता चेनवाला घेणं म्हणजे भर दुकानात कबुली देणं. नरहररावांनी बिगर चेनचा बांधून घेतला आणि दुकानातून ताठ मानेनं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पोटऱ्यांना भरपूर पावडर लावली आणि ओट्यावर बसून बूट चढवले. ओट्यावर अशासाठी, की पायताण उंबऱ्याच्या आत आणायचं नाही हा शैलाताईंचा कायदा होता, आणि तो त्यांच्यामागंही तसाच चालू होता. बूट घालून ते ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत फिरले. मग चहाची आठवण झाली आणि ते बूट काढायला बसले.

बूट निघेना. टाच पायरीच्या कडेला अडकवून बघितली. बुटाला दोरी बांधून दोरी गेटला बांधली आणि मागं सरकले, तर गेटच करकरत उघडलं. घाम आला तसे पाय फुगले, आणि पाय फुगले तसे बूट आणखी आवळले. घशाला कोरड पडली होती आणि पाण्याचा माठ आत होता. शेवटी नरहरराव गुडघ्यांवर रांगत, बुटांचे तळवे वर धरून, स्वयंपाकघरात गेले. हॉलमधून जाताना शैलाताईंच्या फोटोकडं त्यांनी बघितलं नाही.

पाणी पिऊन रांगत परत ओट्यावर आले, तर शेजारची संध्या कुंपणापलीकडं उभी होती. "काका, काही हरवलं का?"

"नाही, नाही. व्यायाम चाललाय," नरहरराव म्हणाले.

तिला सांगितलं असतं तर ती आली असती. चांगली पोर आहे. पण लोकाच्या सुनेला 'माझ्या पायातला जोडा ओढ' म्हणायचं कसं? त्याला हक्काचं माणूस लागतं. शैला असती तर आधी पोटभर हसली असती, मग आयुष्यभर ऐकवलं असतं, पण ओढला असता. नरहररावांना एकदम रडू आलं. बूट फार घट्ट झालेत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग त्यांना काकासाहेब आठवले. घोड्याच्या माणसाला बुटाचंही कळत असेल, असा हिशेब करून ते तसेच स्टँडवर गेले. स्टँडवरचा मोची बुटांकडं आशेनं बघत राहिला. एसटीच्या पायरीवर गुडघा वाकेना. कंडक्टरनं वर ओढून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पोलीस का?" मागच्या बाकावरच्या म्हातारीला वेगळीच शंका आली. "वरातीला चालले वाटतं. पर घोडा कुठं राह्यला?" वडीगोद्री येईपर्यंत नरहरराव खिडकीबाहेरची मोसंबीची झाडं बघत बसले.

"अगं बाई, फौजदार आले का काय?" बायनाबाई अंगणातून ओरडल्या. मग ओळखलं आणि बाज ओढून दिली. काकासाहेब उठून आले. त्यांनी उभ्या जन्मात बूट घातला नव्हता, पण नरहररावांनी अडचण सांगताच समोरून टाच धरून जोर लावला. बूट तसाच. बाज मात्र नरहररावांसकट घोडीपर्यंत गेली.

"एक पद्धत आहे," नरहरराव चाचरत म्हणाले. "तुम्ही पाठ करायची, बूट मांड्यांत धरायचा, आणि मी दुसऱ्या पायानं ढकलायचं."

"कुठं ढकलायचं?"

नरहरराव आभाळाकडं बघायला लागले. बायनाबाईंना आधी कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"तुम्ही माझ्याहून मोठे, काकासाहेब. तुम्हाला पाय कसा लावू?"

"लावा ना साहेब. घोडीनं हाणलं त्याच्याहून जास्ती थोडंच लागणारे?"

नरहररावांनी आधी काकासाहेबांना वाकून नमस्कार केला आणि मग लाथ घातली. बूट निघाला आणि बुटासकट काकासाहेब शेणाच्या पाटीत जाऊन पडले. घोडी खिंकाळली. बायनाबाई हसून हसून खालीच बसल्या. काकासाहेब तोंड पुसत उठले आणि विचारते झाले, "घरी कोण न्हाई का वढायला?"

"नात येऊन राह्यली ना दिवाळीत," नरहररावांनी घाईनं सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. गंधालीच. काकासाहेब दुसरा बूट मांड्यांत धरून तसेच थांबले.

"आबा, सॉरी हं. बाबांनी दिवाळीचं केरळचं बुकिंग केलंय. आणि घोडेस्वारी मी सोडली, आता स्केटिंग लावलंय. तुम्ही बूट नाही ना घेतले?"

"छे गं," आबा म्हणाले. "मजा करा."

फोन खिशात गेला. मग नरहरराव काकासाहेबांच्या पाठीकडं बघत म्हणाले, "न्हाई. घरी कुणीच न्हाई." असं मोठ्यानं ते पहिल्यांदाच म्हणत होते.

"मंग हाना जोरात," काकासाहेब म्हणाले.

दुसरा बूट निघाला. बायनाबाईंनी चहा केला, मग बसायचा आग्रह केला, मग भाकरी-पिठलं वाढलं. निघताना काकासाहेबांनी आपल्या जुन्या चपला दिल्या, आणि बायनाबाई म्हणाल्या, "भाऊ, त्याला मोच्याकडून चेन बसवून घ्या. मंग एकट्याला बी काढता येईल."

"घेतो की," नरहरराव म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते बूट घालून पुन्हा वडीगोद्रीच्या अंगणात हजर.

"चेन न्हाई बसवली?" काकासाहेबांनी विचारलं.

"मोचीच भेटला नाही."

काकासाहेब दर आठवड्याला अंबडच्या बाजाराला जातात. मोची स्टँडवर रोज बसतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी पाठ करून त्यांनी बूट मांड्यांत धरला. नरहररावांनी पाय उचलला आणि समोर बघितलं. शेणाची पाटी तिथून हलवलेली होती, आणि त्या जागी कडब्याच्या पेंढ्यांची मऊ गादी आधीच घालून ठेवली होती.