अखंड मंद आच

गुलनाजच्या घरातली धूरमुक्त चूल शंभर टक्के धूरमुक्त होती, कारण ती पेटतच नव्हती. पुण्याच्या एका स्वच्छ ऊर्जा धोरण संशोधन संस्थेनं जानेफळातल्या बारा घरांना अशा बारा चुली फुकट दिल्या होत्या. लोखंडी, निळ्या रंगाच्या, धुराडं थेट छपराबाहेर. दिसायला इतक्या देखण्या, की पहिल्या दिवशी गुलनाजच्या सासूनं, बिस्मिल्लाबीनं, चुलीचीच नजर काढली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात कांदे ठेवले जाऊ लागले.

दोष एकच होता. चुलीचं तोंड अरुंद होतं. ते ज्यानं पुण्यात बसून ठरवलं, त्यानं जन्मात पऱ्हाटी पाहिली नसावी. कपाशीची वाळकी पऱ्हाटी म्हणजे नुसत्या वाकड्यातिकड्या फांद्या. ती त्या तोंडात शिरवायची तर आधी चार-चार बोटांचे तुकडे करायचे, आणि दोन वेळच्या भाकरींसाठी रोज तासभर कुऱ्हाड घेऊन बसायला गुलनाज काही रिकामी नव्हती. घरात गॅस होता, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. म्हणून ती पुन्हा जुन्या मातीच्या चुलीपुढं बसायची, खोकायची, डोळे पुसायची आणि मनातल्या मनात पुण्याला शिव्या द्यायची. कारण तिला ती निळी चूल खरंच हवी होती.

हे तिनं प्रसेनजितला दोनदा सांगितलं होतं. प्रसेनजित हा संस्थेचा संशोधन सहायक. मेहकरचा पोरगा, अकरा महिन्यांच्या करारावर, मोटरसायकलवर फायली बांधून गावोगाव हिंडणारा.

"भाऊ, दोन बोटं तोंड मोठं करून द्या, बस. मंग पाहा मी कशी पेटवतो ते."

"लिहून घेतो वहिनी," म्हणून त्यानं फॉर्म काढला. फॉर्मात तीनच पर्याय होते: समाधानी, अत्यंत समाधानी, सांगता येत नाही. प्रसेनजितनं बराच वेळ डोकं खाजवलं आणि तिसऱ्यावर खूण केली.

"सांगता येत नाई?" गुलनाज भडकली. "मी सांगून तं राह्यली ना तुमाले!"

तिचा नवरा शकूर वेल्डिंगवाला. त्याच्या दृष्टीनं हे पाच मिनिटांचं काम होतं. पण चुलीच्या कपाळावर एक स्टिकर होतं: 'संशोधनाधीन. फेरफार करू नये.' खाली गोल शिक्का. शकूर कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण शिक्क्याला भ्यायचा. गुलनाज कटर आण म्हणाली की तो स्टिकरकडं बोट दाखवून दुकानावर निघून जायचा.

प्रसेनजितनं तिचं म्हणणं पुण्याला कळवलं. संस्थेचे संचालक डॉ. प्रेमानंद यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, "एका बाईचं म्हणणं म्हणजे डेटा नव्हे. सेन्सर काय म्हणतो ते बघू." म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला बाराही चुलींच्या अंगाला तारेनं एकेक सेन्सर बांधण्यात आला. कोटाच्या बटणाएवढी पोलादी चकती. दर दहा मिनिटांनी तापमान मोजायचं आणि पोटात साठवायचं. पस्तीस अंशांच्या वर गेलं की चूल चालू, खाली आलं की बंद. चकती खोटं बोलत नाही, असं डॉक्टर प्रत्येक सभेत सांगत.

चकती खोटं बोलली नाही. तिला फक्त जागा बदलून मिळाली.

झालं असं, की बिस्मिल्लाबीची तांबडी कोंबडी खुडूक झाली. म्हातारीनं टोपल्यात भुसा टाकला, तेरा अंडी मांडली, एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवली. आता लोखंड पाहिजे होतं. टोपल्यात लोखंड नसलं आणि आभाळ गडगडलं तर अंडी वाया जातात, हे बिस्मिल्लाबीला तिच्या सासूनं सांगितलं होतं. नेहमीचा खिळा सापडेना.

"अम्मा, पौषात कुठचं आभाय गडगडते?" गुलनाजनं विचारलं.

"ते काय तुले विचारून गडगडन?" म्हातारी म्हणाली. तेवढ्यात तिला निळ्या चुलीवरची चकती दिसली. "चुलीले काऊन पाहिजे लोखंड? ते तं सोताच लोखंडाची हाय." तिनं तार उलगडली, चकती पदराला पुसली आणि कोंबडीच्या पोटाखाली सरकवून दिली. गुलनाज तेव्हा धुणं घेऊन बाहेर पडत होती. तिला काही दिसलं नाही.

कोंबडी एकवीस दिवस बसली. तेरातली बारा पिल्लं निघाली. बाविसाव्या दिवशी बिस्मिल्लाबीनं चकती साबणानं धुतली आणि होती तशी तारेनं चुलीला बांधून टाकली. परकी वस्तू, ज्याची त्याला गेली पाहिजे. प्रामाणिक बाई. तिनं एवढा प्रामाणिकपणा केला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

महिनाअखेर प्रसेनजितनं चकत्या वाचल्या. अकरा घरांच्या रेषा थंडगार, जणू चुली नव्हे, माठ. बाराव्या घरची रेषा मात्र अडतीस अंशांवर चढली होती आणि एकवीस दिवस, रात्र नाही दिवस नाही, तिथंच बसून होती. रोज सकाळी आठच्या सुमारास वीस मिनिटं थोडी उतरायची, की पुन्हा जागेवर. प्रसेनजितला शंका आली. त्यानं ती ईमेलमध्ये लिहिलीही. पण डॉ. प्रेमानंदांनी ईमेल वाचलाच नाही, आलेख पाहिला, आणि खुर्चीतून उठले.

"अखंड मंद आच!" ते म्हणाले. "आणि हे वीस मिनिटं काय आहे, कळतंय का तुम्हाला? इंधन भरण्याची वेळ! रोज आठला! काय शिस्त आहे हो या बाईला!"

आठवड्याभरात चाळीस पानांचा अहवाल तयार झाला. नाव, 'अखंड मंद आच: ग्रामीण स्त्रीचं मूक ऊर्जा-शहाणपण'. मूक हा शब्द वाचून प्रसेनजितला गुलनाजचा आवाज आठवला. खरी गंमत शेवटच्या पानावर होती. ज्या अर्थी मंद आच एवढी यशस्वी ठरली, त्या अर्थी जिल्ह्यासाठी बनणाऱ्या पुढच्या चार हजार चुलींचं तोंड आणखी एक इंच लहान करावं, अशी शिफारस होती. अनुदान देणाऱ्या संस्थेचे एक पाहुणे घेऊन डॉक्टर स्वतः ती आदर्श चूल पाहायला निघाले.

ही बातमी आधी पोचली पंजाबरावांकडं. पंजाबराव कोणत्याही पदावर नव्हते, त्यामुळं त्यांना वेळ भरपूर होता. त्यांनी संध्याकाळपर्यंत फ्लेक्स छापून आणला: 'अखंड मंद आचेच्या मानकरी सौ. गुलनाज शकूर यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली गुलनाजचा फोटो अंगठ्याएवढा आणि पंजाबरावांचा परातीएवढा.

आदल्या दिवशी दुपारी प्रसेनजित घाईघाईनं तयारी पाहायला आला. त्यानं निळ्या चुलीत डोकावलं. आत कांदे.

"वहिनी, चोवीस तास काय शिजवता तुम्ही या चुलीवर?"

"कांदे ठेवतो. शिजवत कायचं नाई. पेटलीच कुठी ते? मी तुमाले दोनदा सांगतलं."

"मग रोज सकाळी आठला या घरात काय होतं? नीट आठवा."

गुलनाजला आठवेना. उत्तर बिस्मिल्लाबीनं दिलं. "आठ वाजता कोंबडी उठे. दाने खाये, पानी पिये, अन पुन्हा बसे."

"कशावर?"

"अंड्यावर. तुमच्या चकतीवर. लय गुणाची चकती हाय बाबू, तेरातून बारा निंगाले!"

प्रसेनजित तिथंच ओट्यावर बसला. अंगणात बारा पिल्लं चिवचिवत होती, आणि त्यांच्याकडं पाहताना त्याला आपल्या कराराचं नूतनीकरण दिसत होतं. त्यानं हात जोडले.

"वहिनी, उद्या एक दिवस फक्त हसा. काही बोलू नका. माझी नोकरी जाईल हो."

"अन बोलली नाई तं काय होईल?"

त्यानं खाली मान घालून शेवटचं पान सांगितलं. चार हजार चुली. तोंड आणखी एक इंच लहान.

गुलनाजनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! म्हंजे माह्या एका कोंबडीपायी चार हजार बायांनं धुरात डोये फोडाचे? भाऊ, तुमची नोकरी मले कबूल हाय, पन हे नाई होनार. मी बोलनार."

"बोलजो मंग," प्रसेनजित म्हणाला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच पुस्तकी मराठी सोडून बोलला होता. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. पंजाबरावांनी हार घातले, एक स्वतःलाही घालून घेतला. गुलनाजला पुढं केलं.

"साहेब, हे चूल पेटतच नाई," तिनं सरळ सांगून टाकलं. "तोंड बारीक हाय हिचं. पऱ्हाटी जात नाई आत."

डॉ. प्रेमानंद पाहुण्यांकडं वळून कौतुकानं म्हणाले, "बघा, किती विनय! या स्त्रिया श्रेय घेतच नाहीत." पंजाबरावांनी टाळ्या वाजवल्या. गुलनाजनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. डॉक्टरांनी वहीत 'विनय' या शब्दाखाली दुसरी रेघ ओढली. आता या माणसाला समजवावं तरी कसं? मग ते म्हातारीकडं वळले.

"आजी, एकवीस दिवस अखंड मंद आचेवर काय होतं?"

"अंडे," बिस्मिल्लाबी म्हणाली.

"एकवीस दिवस अंडी?" डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "पारंपरिक पाककृती दिसते. आम्हाला चाखायला मिळतील?"

"आता कुठचे अंडे साहेब? ते तं अंगनात पळून राह्यले."

ती उठली, टोपलं आणलं, तांबडी कोंबडी त्यात बसवली आणि चुलीवरची चकती काढून तिच्या पोटाखाली ठेवून दाखवली. कोंबडीनं चकती ओळखल्यासारखी पंखाखाली ओढून घेतली. पाहुण्यांना आधी कळलं. ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. शकूरही दारात तोंडाला रुमाल लावून उभा होता. पंजाबरावांनी हळूच गळ्यातला हार काढून खिशात कोंबला.

डॉ. प्रेमानंद मात्र मोठा माणूस. मोठ्या माणसाचं असं असतं, की तो पडला तरी आपण बसलो होतो असं म्हणतो. ते म्हणाले, "याचा अर्थ सेन्सर अत्यंत अचूक आहे." मग प्रसेनजितकडं न पाहता म्हणाले, "हे घर नमुन्यातून वगळा. शेवटचं पानही." आणि जीपमध्ये जाऊन बसले. प्रसेनजितला कामावरून काढावं असंही त्यांच्या मनात आलं असणार. पण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारणात कोंबडी आली असती.

जीपचा धुरळा बसल्यावर गुलनाजनं विचारलं, "वगळलं म्हंजे काय, भाऊ?"

"म्हणजे तुमचं घर आता संशोधनात नाही."

"अन चूल?"

"तीही नाही."

"मंग हे स्टिकर?"

प्रसेनजितनं नखानं कोपरा उचलला आणि शिक्क्यासकट स्टिकर ओढून काढलं. शकूरनं ते पाहिलं. तो तडक दुकानावर गेला आणि कटर घेऊन आला. दोन बोटं मागितली होती, त्यानं तीन कापली. संध्याकाळी अख्खी पऱ्हाटी आत गेली, धूर छपरावरून वर गेला, आणि गुलनाज कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापत बसली. मध्येच ती उगाच हसली.

चार दिवसांत बाकीच्या अकरा घरच्या बाया प्रसेनजितला रस्त्यात गाठू लागल्या. "भाऊ, आमालेबी वगळा ना!" त्यासाठी काय करावं लागतं, असं एकीनं विचारल्यावर पंजाबरावांनी अनुभवी माणसासारखं सांगितलं, "कोंबडी बसवा." शेवटी प्रसेनजितनं कुणालाच वगळलं नाही. त्यानं सगळ्यांची स्टिकरं तपासणीसाठी म्हणून काढून नेली आणि परत लावायला विसरला. शकूरच्या दुकानापुढं निळ्या चुलींची रांग लागली.

वगळलेल्या घरांचे सेन्सर कुणी परत न्यायचे, याचा नियम संस्थेत नव्हता. त्यामुळं बिस्मिल्लाबीनं पुन्हा चुलीला बांधलेल्या चकतीचे आकडे पुढच्या महिन्यातही बाकीच्यांबरोबर पुण्याला गेले. कोंबडीची गोष्ट डॉक्टरांनी ऑफिसात कुणालाही सांगितलेली नव्हती. आकडेवारी बघणाऱ्या मॅडमचा काळजीनं भरलेला फोन आला तेव्हा प्रसेनजित गुलनाजच्याच घरी गरम भाकर आणि ठेचा खात होता.

"अहो, त्या बाराव्या घराचा वापर चोवीस तासांवरून एकदम अडीच तासांवर आलाय. आणि बाकीची अकराही घरं आता तशीच अडीच-तीन तास दाखवतायत. काय बिघडलंय तिकडं?"

प्रसेनजितनं तोंडातला घास गिळला.

"काही नाही मॅडम," तो म्हणाला, "स्वयंपाक सुरू झालाय."