राजेंना दाखवायला नेलं

सबनीसबाई कुत्रा बघायला गेल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. बाई बँकेत अधिकारी. शास्त्रीनगरात आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सगळं रीतसर व्हायला हवं, हा त्यांचा जप. मी कमी बोलते म्हणून कुठेही जाताना सोबतीला मला न्यायच्या.

कुत्र्यांच्या प्रदर्शनात उतरायचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, कोण जाणे. शहराबाहेर आमेरला पिल्लं विकणारा एक भैया होता. बाईंनी त्याला आधी पिल्लाचं घराणं विचारलं, मग आईचा स्वभाव, मग आजोळी कुणाला दमा नाही ना. भैयाने चहाचा कप खाली ठेवला. "मैडम, कुत्ता लेना है या रिश्ता करना है?"

"रीतसर पूछ रही हूँ, भैयाजी."

साईच्या रंगाचा लॅब्रॉडॉर घरी आला. नाव ठेवलं राजे. बाई त्याला अहो-जाहो करायच्या. "राजे, पायरी बघून उतरा." वर्षभर गच्चीवर त्याला ताठ उभं राहायला, डौलात चालायला शिकवलं. बक्षीस येणारच, म्हणून काचेच्या कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला.

प्रदर्शनाच्या सकाळी मैदानावर धुकं होतं. त्यातून एकेक कुत्रा असा अलगद बाहेर यायचा, जणू त्याचे पाय गवताला लागतच नाहीत. मी दोरीबाहेर उभी राहून बघतच राहिले. बाकीची माणसं बूट घालून कुत्र्यांबरोबर पळत होती, आमच्या बाई जरीच्या साडीत.

परीक्षकाने राजेंचे ओठ उचलून दात पाहिले. पाठ दाबली, पाय चाचपले, चालवून पाहिलं. मग बाईंकडे न बघताच म्हणाला, "एक चक्कर और."

राजे तयारच होते. बाई मात्र हलेनात. मग त्यांनी पट्टा हाताला गुंडाळला, परीक्षकाला नमस्कार केला आणि राजेंना घेऊन सरळ दोरीबाहेर आल्या.

मी भीत भीत विचारलं, "ताई, आणि बक्षीस?"

त्या जरीच्या साडीसकट दवातच बसल्या. राजेंचा कान कुरवाळत राहिल्या.

"मलाही असंच चालून दाखवायला लावायचे गं. दात दिसावेत म्हणून मुद्दाम हसवायचे. मग म्हणायचे, कळवतो."

पलीकडे धुक्यात माईकवरून नावं पुकारत होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या राजेंच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही आम्हांला पसंत आहात."