सीडीने माप ओलांडलं

आमच्या प्लेअरचं लग्न झालं तेव्हा माझी प्रांजल चौदा महिन्यांची होती.

प्लेअर विभाग पाचचा, म्हणजे फक्त आपल्याकडच्या सीडी चालवणारा. प्रांजलच्या पप्पांनी मस्कतहून पाठवलेली सीडी तिकडची, विभाग दोनची. सीडीत पप्पा खाटेवर बसून तिच्याशी बोलतात, एवढंच. ते नोकरीला तिकडे गेले तेव्हा ती पोटात होती. आता ती गॅसवाल्याला पप्पा म्हणायला लागली होती आणि माझ्या जिवाला घोर लागला होता.

मी सीडी आत घातली. प्लेअरने लगेच बाहेर काढली.

"परविभागातली आहे, वहिनी. नाही चालायची."

"अहो भावजी, आत घरचंच माणूस आहे."

"माणूस घरचं, सीडी नाही. आणि माझे स्क्रू उघडायचा विचार असेल, तर पंचनाम्यात मी खरं तेच सांगीन."

दुसऱ्या दिवशी प्रांजलला कडेवर घेऊन विभाग कार्यालयात गेले. शिगवण भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच प्रांजलच्या हातात बिस्किट दिलं.

"प्लेअर उघडून विभाग बदलणं गुन्हा आहे. जप्ती होते."

"मग मी काय करू? पोरगी बापाला ओळखायची नाही हो."

त्यांनी चष्मा काढला. "ताई, तुमचं माहेर कुठलं?"

"दापोली."

"आणि आता?"

"गुहागर."

"त्यासाठी तुमचे स्क्रू कुणी उघडले होते का?"

मी नाही म्हटलं.

"माप ओलांडलंत, विभाग बदलला. सीडीला वेगळा कायदा नाही." आणि त्यांनी सीडी-प्लेअरच्या लग्नाचा अर्ज लिहून घेऊन त्यावर शिक्का मारला.

गुरुवारी मुहूर्त होता. सासूबाईंनी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. सीडी घरंगळत आली आणि तिने ते अलगद लवंडलं. मूठभरच तांदूळ सांडले.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "तू पार न्हाणीपर्यंत उडवलं होतंस."

ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. मग प्लेअरने तिला आत घेतलं. टीव्हीवर पप्पा आले. प्रांजल उभी राहिली आणि तिने त्यांच्या गालावरच्या चामखिळीवर बोट ठेवलं. मग ते रोजचंच झालं.

दसरा झाला आणि कार्यालयाचं पत्र आलं. पहिल्या दिवाळीला सून माहेरी जाते, तशी सीडीलाही पाठवावी लागेल. न्यायला माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, स्वतः यावा; पोस्टाने चालणार नाही. नक्कल मस्कतच्या कंपनीला. मुलगी झाली म्हणून ज्या कंपनीने दोन दिवस दिले नव्हते, तिने यांना मुराळी म्हणून पंधरा दिवसांची रजा मंजूर केली.

ते दारात उभे राहिले तेव्हा मी प्रांजलला घट्ट धरलं होतं. रडली तर? तिने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मग पुढे झुकून चामखिळीवर बोट ठेवलं.

"पप्पा."

त्यांची बॅग तशीच पायरीवर राहिली.

निघायच्या दिवशी मी सीडीची ओटी भरली. खण, नारळ, बरोबर रव्याचे लाडू. प्लेअरभावजी सकाळपासून रिकामा ट्रे आत-बाहेर करत होते. मी लाडवांचा एक डबा घेऊन शिगवण भाऊसाहेबांकडे गेले, त्यांच्या पाया पडले.

"अहो, हे काय!" ते मागे सरले. "आणि रडताय कशाला? माहेरून सून एकटी परत येते का? पोचवायलाही माणूस लागतो. तो कागद मी कालच मस्कतच्या कंपनीला पाठवलाय."