शहागंजातल्या लाल बांगड्या

"मालिकेतली एक जरी चूक माझ्या नजरेतून सुटली, तर मिशा उतरवीन!" इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक संघपाल सर रोज संध्याकाळी सात वाजता ही प्रतिज्ञा करीत. मिशा त्यांनी विद्यार्थिदशेतच उतरवल्या होत्या, ही बाब अलाहिदा.

त्या सोमवारी मालिकेने कहर केला. नायिका हिरव्या बांगड्या घालून शहागंजच्या बाजारात शिरली, गल्लीत वळली आणि लाल बांगड्यांनिशी थेट शेंद्र्याच्या कारखान्यांसमोर उगवली!

"वीस किलोमीटर! एका पावलात! वामनालासुद्धा तीन लागली होती!"

"आन् बांगड्या?" पत्नी मुक्ताबाईंनी तेल ओतले.

सरांनी चौदा पाने टंकलिखित केली, एकवीस तळटीपांसह. अखेरची मागणी निःसंदिग्ध होती: बांगड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या इसमास तत्काळ बडतर्फ करावे. खाली सही, 'एक जागरूक अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर'. पाकीट मंगळवारीच मुंबईला वाहिनीकडे रवाना!

शुक्रवारी दुपारी मुंबईहून मुलीचा, सुलेखाचा फोन आला. आवाज रडवेला.

"बाबा, माझी नोकरी जातेय!"

"कशी जाईल? तुला तर कंटिन्यूटी मिळालीय!"

मार्च महिन्यात सुलेखाने "मला कंटिन्यूटी मिळाली" असे कळवताच सरांनी कॉलनीभर पेढे वाटले होते. तासिका तत्त्वावर अकरा वर्षे घासलेल्या माणसाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो: सेवेत खंड नाही, नोकरी पक्की!

"ती कंटिन्यूटी नाही हो! मी मालिकेत काम करते. आधीच्या शॉटमध्ये कुणी काय घातलं होतं, ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे का, हे बघायचं. तुम्ही मालिकांचा उद्धार करता, म्हणून नीट सांगितलं नाही. आता आपल्याच गावच्या कुण्या खडूस म्हाताऱ्यानं चौदा पानं लिहिलीत. उद्या सकाळी निर्मातेबाई फैसला करणार!"

सरांनी टंकयंत्रावर टॉवेल टाकला. "खडूस... कशावरून?"

"तळटीपा आहेत, बाबा!"

"कोण गं मुडदा त्यो?" मुक्ताबाईंनी फोनकडे तोंड आणि सरांकडे नजर ठेवून विचारले. "लई शिकलेला दिसतोय!"

चाळीस वर्षांत सरांनी स्वतःचे एक वाक्यही मागे घेतले नव्हते. आता चौदा पाने एका पानात खोडायची होती. त्यांनी संदर्भग्रंथांचे कपाट उघडले. बांगड्यांविषयी ग्रंथ मौन बाळगून होते.

"पुस्तकं कसली बघता?" मुक्ताबाई म्हणाल्या. "शहागंजात शिरलेली बाई त्याच बांगड्या घालून भाईर येती व्हय? तिथंच भरल्या म्हणावं!"

सरांनी कपाट मिटले. "आणि वीस किलोमीटर?"

"त्ये पोरीच्या खात्यात येत नाय. त्ये डायरेक्टरचं पाप. ऱ्हाऊ द्या!"

सरांनी लिहिले: 'शहागंजातून जुन्याच बांगड्यांनिशी परतलेली स्त्री हीच अनैतिहासिक कल्पना होय. प्रस्तुत मालिकेने लोकजीवनाचे दुर्मीळ भान दाखविले आहे.' खाली सही मुक्ताबाईंची. मजकूर मुक्ताबाईंच्याच मोबाइलवरून वाहिनीच्या नंबरावर गेला.

शनिवारी दहाच्या सुमारास फोन वाजला. सरांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, वाचले! निर्मातेबाई खूश! म्हणाल्या, हे खरं निरीक्षण. नायिका बांगड्या भरते, असा प्रसंगच घालतायत! आणि त्या म्हाताऱ्याचं पत्र रद्दीत गेलं!"

सरांच्या छातीवरून जणू दौलताबादचा किल्ला उतरला. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मुक्ताबाईंनी पदराने डोळे टिपले. कबुलीवाचून आता राहवेना.

"सुलेखा, तो म्हातारा... म्हणजे ते पत्र..."

"माहितीय, बाबा."

"माहितीय? मग रडत मलाच कशाला फोन केलास?"

"मग कुणाला करणार? एका दिवसात उलट बाजूनं लिहून द्यायला तुमच्याइतका रिकामा विद्वान मला कुठं मिळणार होता?"

सरांनी ते वाक्य दोनदा तपासले. चूक सापडली नाही.