कार्बोरेटरमधलं फिलिंग

"ज्या हातांनी आजवर हजारो दाढा भरल्या, त्या हातांना एक कार्बोरेटर जड जाईल?" डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. "मिस्त्री कशाला? मी आहे ना!"

हे डॉक्टर दातांचे. हात इतका हलका की पेशंट खुर्चीत घोरतात, अशी ख्याती! जीव मात्र घरच्या बत्तीस वर्षांच्या मोटारीत अडकलेला. मोटार पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की घोडं अडायचं. क्षणभर श्वास रोखायची, दोन गचके द्यायची आणि मग नाइलाज झाल्यासारखी निघायची.

"वय झालंय तिचं. उठताना जरा गुडघे धरते," डॉक्टर म्हणायचे.

बाईंचं मत वेगळं होतं. बाई म्हणजे डॉक्टरांची बायको. दवाखान्यातली अपॉइंटमेंटची वही आणि डॉक्टर, दोन्ही त्याच सांभाळायच्या. सोमवारी बाई चालवत असताना भर चौकात सिग्नल हिरवा झाला, गाडीने गचका खाल्ला आणि बंदच पडली! मागे ट्रकवाला भोंग्यावरचा हात काढेना. त्यात सायकलवरून चाललेले एक आजोबा थांबून म्हणाले, "सूनबाई, ढकलू का?"

झालं! बाईंनी शनिवारी पाचला भंगारवाल्याला दवाखान्यावर बोलावलं.

"अगं, आपली लेक जन्मली तेव्हा याच गाडीतून घरी आणली होती!"

"म्हणून तर शनिवारपर्यंत मुदत दिलीय. नीट झाली तर राहील, नाहीतर जाईल. त्या चौकात मी पुन्हा शोभा करून घेणार नाही."

गाडी गेली असती तर डॉक्टरांना खरोखर वाईट वाटलं असतं. म्हणून शनिवारी दुपारी, पेशंट नसताना, त्यांनी कार्बोरेटर काढला आणि ट्रेमध्ये निळा रुमाल पसरून त्यावर ठेवला. तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला, दिवा ओढला, मऊ ब्रशने काजळी काढली. आणि एकदम थबकले. घशाच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं!

"कीड!" डॉक्टर पुटपुटले.

तीस वर्षांची सवय! भोक दिसलं की भरायचं. त्यांनी उत्तमातलं सिमेंट कालवलं, भोक गच्च भरलं आणि घासून असं गुळगुळीत केलं की बोट फिरवलं तरी कळू नये. "आता दोन तास काही खाऊ नका," असंही सवयीने बोलून झालं.

कार्बोरेटर जागेवर बसवला, किल्ली फिरवली. गाडी छान गुरगुरली! ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी ठप्प. पुन्हा सुरू, पुन्हा ठप्प. असं सात वेळा झालं. आधी निदान गचके खाऊन चालायची तरी! खिडकीतून बघणाऱ्या बाईंनी सरळ मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री आले, टॉर्चचा झोत पाडून आत डोकावले आणि बराच वेळ डोकावतच राहिले.

"डॉक्टर, इथं एक भोक असतं. ते कुठे गेलं?"

"भरलं!"

"भरलं?" मिस्त्री पायरीवर बसले. "अहो, पेडल दाबलं की तिथूनच पेट्रोलची धार उडते, म्हणून गाडी उचल घेते! मूळ दुखणं साधं होतं. धार ढकलणारा रबरी पडदा फाटलाय. तो दहा मिनिटांत बदलतो. पण हे कसं काढू?"

त्यांनी तार घातली, पिन घातली, टोकदार पक्कड लावली. फिलिंग हलेना.

"घातलंय तरी काय यात?"

एवढ्या संकटातही डॉक्टरांची छाती फुगली. "पंधरा वर्षं हलत नाही हो माझं काम!"

"चार वाजलेत," बाई म्हणाल्या. "पेशंट येऊन बसलेत. आणि पाचला तो येईल."

आता उपाय एकच. कार्बोरेटर पुन्हा काढून साबणाने तीनदा धुतला आणि थेट पेशंटच्या खुर्चीत ठेवला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी धरला, बाईंनी पाणी ओढायची नळी लावली, डॉक्टरांनी ड्रिल उचललं. दाराबाहेर बाकावर तीन पेशंट आपापला गाल धरून बसले होते. त्यांना आतलं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"घट्ट दाबून धरा, सुटतोय!"

"डॉक्टर, बेतानं! घसा फाटेल त्याचा!"

"फाटू दे! मघाशी पेट्रोलने धुतला असता तर बरं झालं असतं!"

मग बाईंचा थंड आवाज. "उगाच जीव काढू नका. नाही जमलं तर पाचला भंगारवाला येतोच आहे."

आणि ड्रिल किंचाळलं.

दहा मिनिटांनी डॉक्टर विजयी मुद्रेने दार उघडून म्हणाले, "चला, पुढचं कोण?" बाक रिकामा होता. एका आजींची कवळी तेवढी वाटीत राहिली होती.

डॉक्टरांना त्याचं काय! भोक मोकळं झालं होतं. मिस्त्रींनी पडदा बदलला, सगळं जोडलं आणि स्कूटरवरून पुढच्या कामाला गेले. पाचला दहा मिनिटं होती. बाईंनी किल्ली मागितली.

"चौकापर्यंत मीच चालवून बघते."

त्यांनी पेडल दाबलं मात्र, गाडी दावं तुटलेल्या वासरासारखी फाटकाबाहेर उधळली!

पाचला भंगारवाला टेम्पो घेऊन हजर झाला. तो आणि डॉक्टर पायरीवर बाईंची वाट बघत बसले. साडेपाच झाले, सहा झाले. डॉक्टर चारदा फाटकापर्यंत जाऊन आले. पडली असणार चौकात! शेवटी फोन वाजला.

"अहो, काय उचल घेतेय! चौक कधी गेला कळलंच नाही. मी ताईकडे पोचले!"

"ताईकडे? अगं, साठ किलोमीटर!"

"तेच तर! आता उद्याच येते. आणि त्या माणसाला सांगा, गाडी द्यायची नाही."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी आनंदाने दवाखान्याला कुलूप लावलं आणि मग लक्षात आलं की घर सात किलोमीटरवर आहे.

"चला डॉक्टर, तिकडेच जातोय," भंगारवाला म्हणाला. "पुढे सामान भरलंय, तेवढं मागे बसा."

डॉक्टर बिनदाराच्या फ्रिजवर ऐटीत बसून घरापाशी पोचले, तेव्हा शेजारी गॅलरीत उभे होते.

"काय डॉक्टर, वहिनींनी गाडी भंगारात काढली का अखेर?"

"छे हो!" डॉक्टर फ्रिजवरूनच ओरडले. "ठेवली! गाडी ठेवली!"

शेजाऱ्यांनी टेम्पोकडे पाहिलं, फ्रिजवरच्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि हळहळून विचारलं, "मग तुम्हाला काढलं?"