तीस सेकंदांचे आबा

आमच्या सिरसाळ्यात मोबाइलवर पोकर खेळणारा शेळ्या राखणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्याच रिचार्जच्या दुकानात येऊन बसतो. पानं कितीही भिकार येवोत, ती टाकून द्यायलाही आबा पुरते तीस सेकंद घेतात. टेबलावरचे बाकीचे आठ जण तिकडे दात-ओठ खात असतील. इकडे मी खातो.

"आबा, दुर्री-सत्ती आलीय. पॅक व्हा की!"

"दम धर बे, दिगू. येळ दिलाय तर वापरावा मान्सानं."

पैशाचा खेळ नाही हा, फुकटच्या चिप्स. संध्याकाळी शेळ्या कोंडल्या की आबा वायफायला हजर. खेळातलं नावही 'चंद्री', त्यांच्या लाडक्या शेळीचं. नऊ जण बसतात, शेवटी उरणारे तिघं रविवारच्या मोठ्या डावात जातात. पहिला आला काय, तिसरा आला काय, तिकीट सारखंच. म्हणजे जिंकायचं नाही, टिकायचं. पण नुसतं दबा धरूनही भागत नाही, कारण दर पाच मिनिटांनी बूट वाढतो, म्हणजे डावात सक्तीनं घालायच्या चिप्स. गप्प बसणाऱ्याच्या चिप्स त्यातच संपतात. अधूनमधून अंगावर जावंच लागतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

आबा एकदाही अंगावर गेले नाहीत. लग्नाच्या जेवणातही त्यांचा हाच हिशोब. "पयल्या पंगतीत ढकलाढकली, शेवटच्या पंगतीत नुसता रस्सा. मधल्या पंगतीला बसावं."

बरं, सोपं टेबल तरी निवडावं? छे! टोपीखाली तोंड लपवून खांद्यावर करडू घेतलेल्या कुणा पोराचा फोटो दिसला, की आबा त्याच टेबलावर. हा करडूवाला भलता आडदांड, उठसूट सगळ्या चिप्स पुढं ढकलणारा. सहा महिने आबा त्याच्यासमोर बसतायत आणि सहा महिने रविवार हुकतोय.

परवा चौघं उरले. करडूवाल्याकडे मूठभर चिप्स, त्या त्यानं सगळ्या लावल्या. दोघं पॅक झाले. आबांची पानं बघून मी स्टुलावरून उठलोच. दोन एक्के! करडूवाला गेला की आबा रविवारात.

"हाणा, आबा! आता न्हाई तर कवाच न्हाई!"

आबांनी तीस सेकंद घेतले. आणि पॅक झाले.

पुढच्या दहा मिनिटांत बुटानं आबांना संपवलं. आबा बाहेर, करडूवाला आत. मी काउंटरवर हात आपटला. "डोकं ठिकाणावर हाय का? एक्के का म्हून टाकले?"

आबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "त्यो माजा बाळू हाय."

बाळू, म्हणजे आबांचा पोरगा.

"लगनावरून लई अंगावर गेलतो त्याच्या. भरल्या ताटावरून उठून पुन्याला गेला. तीन वर्सं झाली, फोन उचलत न्हाई. हितं तरी समोर बसतो. म्या तीस सेकंद घेतले की तेवढाच जास्ती बसतो. त्याला पुन्यांदा कसा उठवू बे?"

सहा महिने मी ह्या माणसावर खेकसत होतो. माझी मलाच लाज वाटली.

टेबल बंद व्हायचं घड्याळ सुरू झालं होतं, तीस सेकंद. तेवढ्यात खाली चॅटमध्ये एक ओळ उमटली, करडूवाल्याची.

'आबा, चंद्री कशी हाय?'

आबा ताडकन उठले. मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दिगू, लवकर सांग बे, कुठं लिव्हायचं? आरं लवकर, त्यो जाईल!"