पॅसेजमधलं ओलं गाव

चित्रकला अवघड असते म्हणणाऱ्यांची मला कीव यायची. आधी रेषा, मग रंग, झालं! घाटकोपरला रेवती मॅडमच्या ऑइल पेंटिंगच्या क्लासला तीन शनिवार गेलो आणि थेट दोनशे वर्षांपूर्वीच्या एका विलायती चित्राची नक्कल करायला घेतली. नदी, गवताने भरलेली गाडी, डेरेदार झाडं, तीन गाई. मॅडमनी बजावलं होतं की रंग पातळ लावा, जाड थर सुकायला महिने जातात. पण विलायती झाडाला कंजुषी कशाला? मी हिरवा रंग पुरणासारखा ठासून भरला.

रविवारी भांडुपच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश होता. बायकोने, चेतनाने, दोनदा विचारलं, नक्की सुकलंय ना? मी चित्रावर तासभर हेअर ड्रायर फिरवला होता, वरून साय धरल्यासारखी झाली होती. आत बोट जरा रुतलं, ते मी पुसलं आणि "खडखडीत" म्हणालो. मग हॉल आणि किचनमधल्या पॅसेजमध्ये, गाई सगळ्यांना नीट दिसाव्यात म्हणून जरा खालीच, चित्र टांगलं. पॅसेज असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची.

आणि बुद्धवंदनेला आमच्याकडे झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत. मला माहीत नव्हतं असं नाही हो, पन्नास वर्षं मीही तेच घालतोय!

वंदना झाली, जेवणं सुरू झाली, किचनमधून ताटांची ये-जा सुरू झाली. आधी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांच्या शर्टावर गाय उमटली. मग जालन्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, शकुताईच्या पाठीवर अर्धं झाड. साडी भावजींनी घेतलेली. ते गेल्यापासून ती वर्षातून एकदाच, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसते. माझ्या घरासाठी म्हणून यंदा दुसऱ्यांदा काढली होती.

"भिंत ओली आहे," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे गुणाजीकडे बघायला लागले. आमचा फ्लॅट त्यानेच रंगवलेला. मीच त्याला जेवायला बोलावलं होतं, कारण बिल्डिंगचे जिने रंगवायचं काम सेक्रेटरी त्याला देणार होते. आता ते भर हॉलमध्ये म्हणाले, एक भिंत धड सुकत नाही, याला जिने कसे द्यायचे? आमची भिंत फिकट पिस्ता, डाग गर्द हिरवे, पण रागात रंग कोण बघतो!

आणि मी? मी म्हणालो, "हल्ली हवा दमट असते ना." लिहितानाही लाज वाटतेय.

गुणाजीने ताट खाली ठेवलं. भिंतीवर तळवा घासून कोरडा हात दाखवला. "माझो रंग सुकलेलो आसा," एवढंच म्हणाला. मग त्याने चित्रातल्या माझ्या टक्कल पडलेल्या झाडांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. कामाच्या पिशवीतून टर्पेंटाइन आणि स्वच्छ फडकं काढून तो शकुताईच्या पदरावरचा डाग हलक्या हाताने टिपायला लागला. त्याला सगळं कळलं होतं, तरी तो मला वाचवत होता. ते मात्र मला सहन होईना.

"चित्र मी काढलंय," मी म्हणालो. "ओलं होतं. मला माहीत होतं."

सेक्रेटरींनी गुणाजीची माफी मागितली आणि जिन्यांचं काम तिथल्या तिथे पक्कं केलं. माझ्याशी कोणी बोलेना. शकुताई तेवढी हळूच म्हणाली, "आधी सांगायचंस ना रे. मी काय ओरडले असते?" त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर गुणाजी पिशवी उचलून निघाला, चित्रापाशी थबकला आणि फार अदबीने म्हणाला, "साहेबानु, ह्या चित्राक पण एक पांढरो हात मारून देऊ काय?"

मी तोंड उघडायच्या आत चेतना म्हणाली, "दोन मारा."